आयेदचा 'प' आणि माझं निधन

मी वारलो त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो.

ड्यूटी म्हणजे सौदीतल्या हफ्र अल बातिन शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलचा आयसीयू. मी तिथे नर्स आहे. पुरुष असल्यामुळे आपल्याकडे मला 'ब्रदर' म्हणतात, तिकडे माझ्या सुधीर नावाचं 'सुदीर' करतात. अरबी माणसाला 'ध' उच्चारता येत नाही, आणि मला त्याची सवय झाली आहे. पण माझ्या निधनाला कारणीभूत झाला तो 'ध' नव्हे. तो 'प'. अरबीत 'प' नाहीच. संपूर्ण भाषेत नाही! इतकी मोठी, इतकी जुनी भाषा, आणि 'प'च्या जागी 'ब' घालून हजारो वर्षं सुखाने चालली आहे. मीच मध्ये पडलो.

आयेद आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला. पन्नाशीचा, भरदार, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, अत्तराचा वास आधी येणार आणि मागून माणूस. हसरा इतका की त्याचं काम काय असेल हे कुणाला ओळखता आलं नसतं. त्याचं काम होतं, पेशंट गेला की घरच्यांना फोन करायचा. आधी हे काम एक इजिप्शियन गृहस्थ करायचे, त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. ते कायमचे मायदेशी परतले आणि साहेबांनी फोन आयेदच्या टेबलावर ठेवला. सौदी पेशंट असला तर प्रश्नच नव्हता. आयेद अरबीत असं काही बोलायचा, की पलीकडचा माणूस रडता रडता त्याचेच आभार मानायचा. पण आमच्याकडे मरणारे निम्मे लोक परदेशी. त्यांच्या घरी इंग्रजीतून सांगायचं.

आयेदचा पहिला इंग्रजी फोन फिलिपिन्सला गेला. कधी गेला मला माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी तो आयसीयूच्या दारात येऊन उभा राहिला, चेहरा उतरलेला.

"सुदीर, आय टेल हर, युवर हजबंड फिनिश."

"बरं. मग?"

"शी हॅबी."

"हॅपी?"

"व्हेरी हॅबी! शी से, थँक गॉड, फिनिश! व्हेन ही कम होम? आय से, आफ्टर बेबर्स. बाय एअरब्लेन." त्याने माझा हात घट्ट धरला. "शी से थँक यू, सुदीर. थँक यू, थँक यू. आय हिअर चिल्ड्रन... दे आर क्लॅब." त्याने टाळ्या वाजवून दाखवल्या.

त्या बाईला वाटलं, नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. कागद झाले की विमानाने घरी येतोय. (आणि आयेद एका शब्दानेही खोटं बोलला नव्हता!) शेवटी आमच्या एका फिलिपिनो सिस्टरने परत फोन करून खरं काय ते सांगितलं.

"टीच मी," आयेद म्हणाला. "यू आर उस्ताद."

आता मी देवरुखच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. इंग्रजी पाचवीत भेटलं आणि आमचं कधी फारसं जमलं नाही. पण कुणी 'उस्ताद' म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? मी गंभीरपणे मान हलवली आणि म्हटलं, "टुमारो, आफ्टर ड्यूटी." माझ्या अंत्यविधीची सुरुवात तिथून झाली.

पहिला धडा 'प'. नर्सिंगच्या कॉलेजात एका बाईंनी शिकवलेली युक्ती मला आठवत होती. तोंडासमोर टिश्यू धरायचा आणि 'प' म्हणायचा. 'प' म्हटलं की हवा सुटते, टिश्यू उडतो. 'ब'ला उडत नाही. मी टिश्यू धरला.

"लुक. पेशंट."

टिश्यू ढिम्म.

"पेशंट! पेशंट!"

टिश्यू भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा स्थिर. आयेद एकदा टिश्यूकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग मोठ्या अदबीने म्हणाला, "उस्ताद, मेबी यू आल्सो 'ब'?"

त्या दिवशी मला कळलं की आपला मराठी 'प' हा इंग्रजांचा 'प' नव्हेच. त्यांचा आपल्या 'फ'कडे झुकतो. इतकी वर्षं मी जो 'पी' म्हणत होतो तो कुणा गोऱ्या माणसाने मान्य केला नसता. पण उस्तादाने माघार घ्यायची नसते. मी टिश्यूवर जोरात फुंकर मारली आणि म्हटलं, "सी?"

दुसरा धडा 'इज'. हे त्याला कधीच पटलं नाही.

"युवर फादर इज सिक," मी म्हणायचो.

"युवर फादर सिक," तो म्हणायचा.

"इज, आयेद, इज!"

"व्हाय इज?" तो खरोखर दुखावल्यासारखा विचारायचा. "द मॅन, सिक. बिटवीन द मॅन अँड द सिक, नथिंग. यू बुट 'इज', व्हॉट ही डू देअर?"

माणूस आणि त्याचं आजारपण यांच्यामध्ये हा 'इज' बसून काय करतो, याचं उत्तर आमच्या देवरुखच्या मास्तरांनीही दिलं नव्हतं. मी म्हटलं, "रूल."

मग अवयव. अरबीत प्रत्येक वस्तू तो किंवा ती, आपल्यासारखं 'ते' नाहीच. "द हार्ट, ही स्टॉब. द लंग, शी व्हेरी बॅड." मी 'इट, इट' करून दुरुस्त करायचो खरा, पण मनातून मला ते फार घरचं वाटायचं. आपणही 'किडनी गेली' म्हणतो, 'गेलं' म्हणत नाही. उलट 'थ' त्याचा अस्सल. 'ब्रेथ', 'डेथ' असे जिभेचं टोक दातांत धरून म्हणायचा की ऐकत राहावं. माझा 'डेथ' म्हणजे आपला 'थालीपीठा'तला 'थ'. एकदा त्याने मोबाईलवर कुठल्यातरी इंग्लिश बाईंचा धडा लावला आणि मला हळूच म्हणाला, "उस्ताद, नॉट लाइक यू." मी तो मोबाईल बंद करायला लावला. वर्गात शिस्त हवी!

तिसरा धडा मुख्य. मी म्हटलं, सांगायचं, "युवर हजबंड एक्स्पायर्ड."

आयेदने भुवया उंचावल्या. "एक्सबायर? मिल्क एक्सबायर. इकामा एक्सबायर. मॅन?" (इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना.)

"इन इंडिया, मॅन आल्सो."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "हराम, सुदीर. शी इज वाइफ. नॉट सुबरमार्केट."

(त्याने 'इज' म्हटल्याचं मला नंतर घरी गेल्यावर लक्षात आलं.)

मी लाजलो. आपल्याकडे पत्रिकांवर, फलकांवर, सगळीकडे माणसं दुधाच्या पिशवीसारखी एक्स्पायर होतात आणि आपल्याला कधी काही वाटत नाही. मग आम्ही 'पास्ड अवे'वर आलो. ते त्याच्या तोंडी 'बास्ड अवे' व्हायचं. नवरा बसला आणि कुठेतरी लांब जाऊन बसला, असं काहीसं मला ऐकू यायचं. पण शब्दांचा अर्थ त्याला आवडला. "ही बास. लाइक ट्रॅव्हलर," तो म्हणाला. "दिस गुड."

सरावासाठी मी एक पूर्ण फोन रचून दिला. 'गुड मॉर्निंग, हॉस्पिटलमधून बोलतोय, आपण अमुक यांच्या घरच्या का, मला फार दुःख होतंय, ते आज सकाळी पास्ड अवे, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, त्यांना वेदना झाल्या नाहीत.' आयेदने तो पाठ करायला घेतला आणि नावापाशी अडला.

"व्हॉट नेम?"

"एनी नेम."

"नो. नॉट गुड. हूज नेम आय से डेड?"

"टेक माय नेम," मी ऐटीत म्हणालो. "माझं काय जातंय!"

हे शेवटचं वाक्य मी मराठीत म्हणालो, त्यामुळे त्याला कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

ठरलं असं, की आयेदने घरी सराव करायचा आणि व्हॉइस मेसेज मला पाठवायचा. मी ऐकून चुका सांगायच्या. रोज एक मेसेज यायचा आणि रोज मी त्यात बास व्हायचो. कधी माझं हार्ट 'ही' व्हायचं, कधी मी 'हसबंद' व्हायचो. बायको मेधा आणि मुलगी सई तेव्हा सुट्टीला देवरुखला गेल्या होत्या. संध्याकाळी एकटाच भात लावताना मी स्वतःच्या मृत्यूची बातमी ऐकायचो आणि म्हणायचो, "आज जरा बरा गेलो."

त्या दिवशी सकाळी एका पेशंटला तातडीने रियाधच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं निघालं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट, सोबत नर्स हवी. "सुदीर, यल्ला!" मी पळालो. मोबाईल लॉकरमध्ये राहिला. अँब्युलन्स वाळवंटातल्या रस्त्याला लागल्यावर मला ते आठवलं, आणि मी मनात म्हटलं, राहू दे, एका दिवसाने काय बिघडतंय.

त्याच सकाळी आयेदच्या घरी चमत्कार झाला. तो आरशासमोर टिश्यू धरून उभा होता. त्याने 'पास्ड' म्हटलं आणि टिश्यू उडाला! पुन्हा म्हटलं, पुन्हा उडाला. त्याची सुट्टी होती. त्याने आनंदाच्या भरात पूर्ण फोन एका दमात म्हटला, रेकॉर्ड केला आणि मला पाठवून दिला. मग गाडी काढून, गावाबाहेर त्याचे उंट आहेत तिकडे निघून गेला. तिथे नेटवर्क नाही.

फक्त, मेसेज त्याने मला पाठवला नव्हता. त्याच्या मोबाईलमध्ये 'सुदीर' नावाखाली 'सुदीर फॅमिली' आहे. त्याच्या बायकोला मेधाच्या लिंबाच्या लोणच्याची कृती हवी होती, तेव्हा मीच नंबर दिला होता.

देवरुखला सईने मेधाचा मोबाईल उचलला. पुढचं सगळं मला मेधाकडून तुकड्यातुकड्याने कळलं. काही भाग ती अजूनही सांगत नाही.

सई स्वयंपाकघरात आली. मेधा तिथेच होती, आणि माझी आई खाली बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. सईने मेसेज मोठ्या आवाजात लावला आणि विचारलं, "मम्मा, व्हॉट इज ही सेइंग? बाबा पास्ड अवे म्हणजे व्हेअर?"

मेधाने तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला. पुन्हा ऐकला. मग माझ्या नंबरवर फोन लावला. लॉकरमध्ये तो वाजत राहिला. आयेदला लावला. नेटवर्कच्या बाहेर. मग तिने आयसीयूला लावला. तिथे नवीन लागलेला एक क्लार्क होता, तो आयेदकडे माझ्या पद्धतीचं इंग्रजी शिकत होता.

"सुधीर आहेत का? आय वाँट सुधीर!"

"सुदीर? नो सुदीर. सुदीर गॉन."

"गॉन? गॉन म्हणजे... व्हेअर?"

"अँब्युलन्स टेक. रियाध."

मेधाला अंधुक आशा वाटली. अँब्युलन्सने नेलंय म्हणजे अजून काहीतरी असेल! ती ओरडली, "इज ही अलाइव्ह?"

त्या बिचाऱ्याला 'अलाइव्ह' म्हणजे 'अराइव्ह'च वाटलं. तिचाच शब्द उचलून तो मनापासून धीर देत म्हणाला, "नो, नो. नॉट यट अलाइव्ह. मगरिब टाइम, इन्शाअल्ला, अलाइव्ह." (मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज.)

मेधाच्या हातून फोन पडला.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. त्यांनी आयुष्यात कुणाच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला नाही, तिकीट बघितल्याशिवाय नाहीच. ते म्हणाले, "परक्या माणसाचा मेसेज. आपल्याला भाषा कळत नाही. रडू नका. आधी राणे सरांना ऐकवू."

राणे सर म्हणजे मला पाचवीत इंग्रजी शिकवणारे. आता निवृत्त आहेत. ते काठी टेकत आले, ओसरीवर बसले, कानाला मोबाईल लावला. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"माणूस शिकलेला आहे, अण्णा," ते म्हणाले. "पास्ड अवे किती स्वच्छ म्हणाला बघा. हा कुणी ऐरागैरा नाही. हा अधिकृत निरोप आहे."

म्हणजे बघा! आदल्या दिवसापर्यंतचा कुठलाही मेसेज गेला असता, तर राणे सर म्हणाले असते, "छे, हा कुणी चेष्टा करतोय." मी इतके दिवस घसा फोडून शिकवलेला तो एक 'प' मला भोवला. मास्तर म्हणून माझं ते पहिलं आणि एकमेव यश.

त्यानंतर घर घर राहिलं नाही. शेजारचे तात्या मुरकर आले, त्यांच्या मागून आळी आली. कुणीतरी ग्रुपवर माझा फोटो टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. फोटो लग्नातला. मेधाला कापून काढलं होतं, पण तिचं कोपर राहिलं होतं. त्यामुळे मी मुंडावळ्या बांधून, एका परक्या कोपराला टेकून हसत स्वर्गवासी झालो. खाली एकाने 'अभिनंदन' लिहिलं. (त्याने फोटोच बघितला असणार.)

इथपर्यंत सांगताना मला हसू येतं. पुढे येत नाही.

आईने आठळ्या सोलणं थांबवलं नाही. बायका तिच्या पाठीवर हात ठेवत होत्या, तिला उठवायला बघत होत्या. ती म्हणाली, "एवढ्या झाल्या की उठते." झाल्या, तेव्हा सालं घेऊन पुन्हा सोलायला लागली. ज्यात काही उरलं नव्हतं ती सालं.

आणि अण्णा आत गेले. आमच्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे, आखातात माणूस गेला की तो घरी यायला किती वेळ लागतो. पलीकडच्या वाडीतल्या एकाचं पार्थिव यायला इतके दिवस लागले होते, की त्याच्या आईला शेवटी कुणी पेटी उघडू दिली नव्हती. अण्णा बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून आणि हातात पिशवी घेऊन. पिशवीत टॉवेल, एक धोतर, आणि देवघरातली गंगाजलाची कुपी.

"कुठे निघालात?" तात्या मुरकरांनी विचारलं.

"तिकडे. सुधीरकडे."

"अहो अण्णा, ते सौदी आहे! पासपोर्ट लागतो."

"मग काढा," अण्णा म्हणाले. "त्याला तिथे एकट्याला ठेवायचा नाही."

कोल्हापूर डेपोच्या पलीकडे कधी न गेलेला माणूस. ते ओसरीच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि उठले नाहीत.

संध्याकाळी रियाधला पेशंट ताब्यात देऊन मी चहा घेतला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने, तो सुदानी होता, आपला फोन पुढे केला. म्हटलं, मेधाला सांगावं मोबाईल विसरलो म्हणून, उगाच काळजी करेल. फोन लावला. तिकडून अण्णांचा आवाज आला. सौदीचा नंबर बघून मेधाने तो त्यांच्या हातात दिला होता.

"येस," अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. "फादर स्पीकिंग. बॉडी व्हेन?"

"अण्णा, मी सुधीर."

"येस, सुधीर. सुधीर बॉडी. व्हेन?"

"अहो अण्णा, मी सुधीर बोलतोय! कुणाची बॉडी?"

तिकडे मागचा गलबला थांबला.

"कुठून बोलतोयस?" अण्णांनी हळूच विचारलं.

"रियाधहून."

"म्हणजे... ठीक आहेस?"

"हो! काय झालंय काय?"

"मग गाढवा, सकाळपासून काय करत होतास?" अण्णा एवढं ओरडले आणि मग फोनमध्ये एक आवाज आला. तो मी ओळखला नाही. मला वाटलं, लाइन खराब झाली. मेधाने फोन घेतला, तेव्हा तिने सांगितलं की अण्णा रडतायत.

मी पार्किंगमध्येच खाली बसलो. ड्रायव्हर धावत आला. "समबडी डाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी." त्याने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं.

आयेद दुसऱ्या दिवशी वाळवंटातून परतला, तो मोबाईलवर मेधाचे पंचवीस-तीस मिस्ड कॉल घेऊन. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसला, सोबत उंटिणीच्या दुधाचा कॅन. आत आला नाही. मी बाहेर गेलो तर त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"खलास, सुदीर. नो इंग्लिश. आय किल यू इन युवर मदर्स हाऊस."

"अरे, चूक माझीही आहे. नाव मीच दिलं होतं."

"नो. नो इंग्लिश." आणि खरंच, त्याने इंग्रजी सोडलं. साहेबांना सांगून टाकलं, परदेशी फोन मी करणार नाही. साहेबांनी विचार केला आणि ते म्हणाले, मग उस्तादच करू दे.

काही आठवड्यांनी आमच्याकडे एक श्रीलंकन गवंडी गेला. तिशीतला, बांधकामाच्या परांचीवरून पडलेला. शेवटपर्यंत त्याचा पलंग माझ्याकडे होता. त्याच्या बायकोचा नंबर माझ्यासमोर ठेवला गेला. आयेद दाराशी उभा होता, अरबीत कुणाशीतरी बोलत असल्यासारखं करत.

मी फोन लावला. माझं वाक्य पाठ होतं. मीच रचलं होतं ते! तिकडून एका बाईचा आवाज आला, "हॅलो?" मागे भांड्यांचा आवाज होता आणि एक लहान मूल काहीतरी मोठ्याने म्हणत होतं.

"गुड मॉर्निंग," मी म्हटलं. "आय ॲम कॉलिंग फ्रॉम..."

आणि पुढे काही येईना. मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, सई मोबाईल घेऊन येताना दिसत होती. ती बाई म्हणत होती, "हॅलो? हॅलो? हू इज दिस?" माझ्या तोंडातून धड 'प' निघेना, 'ब' निघेना, काहीच निघेना.

आयेदने माझ्या हातून फोन घेतला.

"सिस्टर," तो म्हणाला. "आय आयेद. हॉसबिटल. युवर हजबंड, ही सिक, यू नो. डॉक्टर वर्क, वर्क, वर्क. टुडे अल्ला टेक हिम." मग म्हणाला, "ही नॉट अलोन, सिस्टर. आय हिअर. आय सिट विथ हिम."

एकही 'इज' नाही. सगळे 'प' 'ब'. त्या बाईला सगळं कळलं. तिचा आवाज मला टेबलाच्या पलीकडून ऐकू आला. आयेदने फोन ठेवला नाही. फक्त मधूनमधून "यस, सिस्टर, आय हिअर," म्हणत, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तिचं रडणं ओसरेपर्यंत. मग नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली शवागाराकडे निघून गेला. गवंड्याजवळ तो खरोखर जाऊन बसला. मी नंतर बघितलं.

परदेशी फोन आता पुन्हा आयेदच करतो. मी आयसीयू सांभाळतो.

मी रजेवर देवरुखला गेलो तेव्हा सगळी आळी मला बघायला आली. आईने दृष्ट काढली, मूठभर मिरच्या जाळल्या, आणि मग मी खोकायला लागलो तर घाबरून माझी छाती चोळत बसली. तात्या मुरकरांनी मला चिमटा काढून खात्री करून घेतली. राणे सर मात्र माझ्याकडे जरा नाराजीने बघत होते. त्यांचं इंग्रजी खोटं पडलं होतं ना!

संध्याकाळी ओसरीवर अण्णा आणि मी दोघेच होतो. मला बऱ्याच दिवसांपासून एक विचारायचं होतं. स्वतः गेल्यावर लोक आपल्याबद्दल काय बोलतात, हे कळण्याची संधी किती जणांना मिळते?

"अण्णा," मी म्हटलं, "त्या दिवशी एवढे लोक आले होते. माझ्याबद्दल काय काय म्हणाले?"

अण्णांनी सुपारी कातरायचं थांबवलं. बराच वेळ आठवून बघितलं. कुणाचं काही सुटू नये म्हणून पुन्हा आठवलं.

"तुझ्याबद्दल असं नाही," ते म्हणाले. "सगळे विचारत होते, मेधा चांगली आहे, अजून तरुण आहे, तिच्यासाठी कुठे बघायचं का?"